घरातील प्रार्थना मुलांना ओझे वाटू लागली तर काय करावे?

प्रश्न – दोन मुलांची आई

आमच्या घरी रोज रात्री झोपण्यापूर्वी कौटुंबिक प्रार्थना होते. एक गीत, पवित्र शास्त्रातील एक उतारा आणि मग प्रत्येकाची छोटी प्रार्थना, हा क्रम आमच्या लग्नापासून चालत आलेला आहे. थोरला मुलगा आता अकरा वर्षांचा आहे आणि धाकटी सहा वर्षांची. गेले काही महिने थोरला प्रार्थनेला बसतो खरा, पण ठरलेली चार वाक्ये एका दमात म्हणून मोकळा होतो. परवा त्याने सरळच विचारले, ‘मनात काहीच नसताना देवाला खोटे खोटे सांगण्यापेक्षा गप्प बसलेले बरे नाही का?’ धाकटीचे अगदी उलट आहे. तिने देवाची धास्तीच घेतली आहे. हातून काही सांडले किंवा फुटले की ती आधी विचारते, ‘येशू रागावला का?’

यजमानांचे म्हणणे असे की मुलांना सूट दिली तर ती हाताबाहेर जातील. छडी आवरणारा बाप आपल्या मुलाचा द्वेष करतो, हे पवित्र शास्त्रातील नीतिसूत्रांचे वचन ते मला ऐकवतात. मला वाटते की सक्तीने केलेली प्रार्थना मुले आमच्या छताखाली आहेत तोवरच टिकेल. शिवाय प्रार्थनेची वीस मिनिटे सोडली तर आमचा उरलेला दिवस इतर कोणत्याही घरासारखाच जातो: अभ्यास, भांडणे, मोबाइलवरून वाद. ख्रिस्ती दृष्टिकोन म्हणतात तो या उरलेल्या दिवसात कसा आणावा, याविषयी अनुभवी पालकांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

उत्तर – रविवारच्या शाळेतील शिक्षिका

ताई, आधी धाकटीविषयी लिहिते, कारण थोरल्यापेक्षा मला तिचीच काळजी अधिक वाटते. पाणी सांडल्यावर येशू रागावेल, हे सहा वर्षांचे मूल स्वतःच्या मनाने ठरवत नाही. ते कुणाच्या तरी तोंडून आलेले असते आणि बहुतेक वेळा ते बोलणाऱ्याच्या लक्षातही राहिलेले नसते. मूल ऐकेनासे झाले की देवाला चौकीवरच्या शिपायासारखे दारात उभे करणे मोठ्यांना सोयीचे पडते. त्या वेळेपुरते काम होते, पण मुलाच्या मनात देव आणि शिक्षा यांची जोडी कायमची बसते.

म्हणून घरात एक भेद काटेकोरपणे पाळावा. धांदरटपणा वेगळा आणि पाप वेगळे. पेला कलंडला तर फडके आणून पुसायचे, विषय संपला. त्यात देवाचे नाव आणण्याचे कारण नाही. भावाचे खेळणे मोडून ‘मी नाही मोडले’ असे ती म्हणाली, तर मात्र शांतपणे जवळ बसवून खरे-खोटे, क्षमा आणि भरपाई यांविषयी बोलावे. या दोन्ही वेळी आपला आवाज सारखाच चढत असेल, तर मुलाला हा भेद कळणार तरी कसा?

तिच्या प्रश्नाचे उत्तर मात्र शास्त्रातूनच देता येईल. मार्कच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात बालकांच्या प्रसंगी येशूला राग आला, असे खरोखरच लिहिले आहे. पण तो राग मुलांवर नव्हता, त्यांना त्याच्याजवळ येऊ न देणाऱ्या शिष्यांवर होता. त्यानंतर त्याने मुलांना कवेत घेतले. तो उतारा तिला वाचून दाखवा आणि येशू कुणावर रागावला, ते तिलाच शोधून काढू द्या.

गोष्टी सांगण्याविषयी एक जुना सल्ला मला अजूनही उपयोगी वाटतो. चौथ्या शतकातील उपदेशक योहान ख्रिसोस्तोम याने पालकांना सांगितले होते की, काइन आणि हाबेल या भावांची गोष्ट संध्याकाळी मुलाला रंगवून सांगावी, पुढे एखाद्या संध्याकाळी तीच गोष्ट मुलाकडून ऐकावी, आणि ती पक्की झाल्यावर मंडळीत, म्हणजे चर्चच्या उपासनेत, वाचली जाणार असेल तेव्हा त्याला तेथे न्यावे, म्हणजे ओळखीची गोष्ट कानी पडताच मूल आनंदाने उसळते. वर्गात ही गंमत मी वारंवार पाहते. ज्या मुलाला घरी गोष्ट सांगितली गेलेली असते, ते मी पुढचे वाक्य उच्चारण्याआधीच ते बोलून टाकते.

उत्तर – तीन मुलांचा बाप

वरील उत्तराशी मी बहुतांशी सहमत आहे, परंतु सक्तीच्या मुद्द्यावर माझे मत थोडे यजमानांच्या बाजूचे आहे. शाळेत जावे की नाही, हे आपण अकरा वर्षांच्या मुलाच्या मर्जीवर सोडत नाही. मग प्रार्थनेच्या वेळी कुटुंबाबरोबर बसावे की नाही, हे तरी का सोडावे? मात्र बसणे आणि बोलणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उपस्थिती हा घराचा नियम असू शकतो. देवाशी बोलणे हा नियम होऊ शकत नाही. आपल्या मुलाचा प्रश्न मला उद्धट वाटत नाही, उलट प्रामाणिक वाटतो, कारण लोकांनी पाहावे म्हणून केलेली प्रार्थना आणि नुसती बडबड यांविषयी मत्तयाच्या सहाव्या अध्यायात प्रभूने हेच बजावले आहे. त्याला सांगावे की तू आमच्याबरोबर बस, ऐक, आणि म्हणावेसे वाटत नसेल तर गप्प राहा. शेवटी सर्वांनी मिळून येशूने शिष्यांना शिकवलेली ‘प्रभूची प्रार्थना’ म्हणू, त्यात तुझा आवाज असू दे. स्वतःचे शब्द आटतात तेव्हा आपल्याआधी लाखो लोकांनी म्हटलेले शब्द हाताशी असणे ही लहान गोष्ट नाही.

वीस मिनिटे सहा वर्षांच्या मुलीला फार होतात, हेही स्पष्टच सांगतो. मार्टिन ल्यूथरने १५२९ साली जी छोटी प्रश्नोत्तरी लिहिली, तिच्या भागांच्या मथळ्यांतच कुटुंबप्रमुखाने हे आपल्या घरच्यांना सोप्या रीतीने कसे शिकवावे, असे म्हटले आहे. तिच्यात दहा आज्ञा, मतांगीकार (ख्रिस्ती विश्वासाचे थोडक्यात कथन) आणि प्रभूची प्रार्थना यांबरोबर सकाळ-संध्याकाळच्या आणि जेवणाआधी-नंतरच्या छोट्या प्रार्थनाही आहेत. म्हणजे लहान घासांत, दिवसाच्या ठरलेल्या वेळी, आणि तेही पालकांच्या तोंडून. रविवारची शाळा खूप नंतर आली; रॉबर्ट रेक्सने १७८० साली ग्लॉस्टरमध्ये तिची सुरुवात केली ती आठवडाभर काम करणाऱ्या गरीब मुलांना वाचायला शिकवण्यासाठी. ती कितीही चांगली असली तरी आई-बापांची जागा घेण्यासाठी निघालेली नव्हती.

छडीविषयी: नीतिसूत्रे १३:२४ वाचणाऱ्याने इफिसकरांस पत्र ६:४ आणि कलस्सैकरांस पत्र ३:२१ हीदेखील वाचावीत. पौल बापांनाच उद्देशून लिहितो की मुलांना चिडीस आणू नका, ती खचून जातील. ज्या संस्कृतीत बापाचा शब्द कायद्यासारखा चालत होता, तेथे बापालाच मर्यादा घालून देणारी ही आज्ञा आहे, आणि आम्हा बापमंडळींना ती सोयीस्करपणे विसरायला आवडते. मी शिस्तीच्या विरुद्ध नाही. रागाच्या भरात दिलेली शिक्षा ही शिस्त नव्हे, एवढेच माझे म्हणणे आहे.

प्रश्नकर्तीचे उत्तर

आपणा दोघांचेही आभार. बसणे आणि बोलणे यांतील फरक यजमानांनाही पटला. पण एक गोष्ट मी आधी लिहिली नव्हती. थोरल्याचे मन प्रार्थनेतून उडाले ते त्याच्या आजीच्या आजारपणानंतर, असे मला वाटते. ती बरी व्हावी म्हणून त्याने रोज प्रार्थना केली होती, आणि ती गेली. त्यावर तो काहीही बोललेला नाही. नातेवाइकांनी त्याला ‘देवाला चांगली माणसे आवडतात म्हणून तो लवकर नेतो’ असे सांगितले. तेव्हापासून ती चार पाठ वाक्ये सुरू झाली.

उत्तर – निवृत्त पाळक

भगिनी, मग आपल्या मुलाचा प्रश्न प्रार्थनेच्या सक्तीचा नाहीच. त्याचे देवाशी काहीतरी बिनसले आहे आणि ते बोलून दाखवण्याची परवानगी आपल्याला आहे, हे त्याला कुणी सांगितलेले नाही.

नातेवाइकांचे ते वाक्य सहृदयतेने म्हटलेले असेल, तरी ते पवित्र शास्त्रात नाही आणि मुलाच्या मनात ते भलताच तर्क उभा करते: चांगले वागावे तर देव उचलून नेतो. शास्त्रात मृत्यूला शत्रू म्हटले आहे. आपल्या मृत मित्राला, लाजराला, आपण उठवणार आहोत हे ठाऊक असूनही येशू त्याच्या कबरेकडे जाताना रडला, आणि गेथशेमाने बागेत त्याने स्वतःवरचा दुःखाचा प्याला टळावा म्हणून प्रार्थना केली, तो टळला नाही. ‘आजीसाठीची तुझी प्रार्थना देवाने ऐकली नाही, असे तुला वाटते का?’ असे त्याला एकट्याला गाठून, शक्यतो सोबत काही काम करताना किंवा चालताना विचारावे. समोरासमोर बसवून विचारल्यास या वयाची मुले मिटून घेतात. तो ‘हो’ म्हणाला तर लगेच देवाची बाजू मांडायला धावू नये. देवाला आपल्या वकिलीची गरज नाही. ‘मलाही याचे उत्तर ठाऊक नाही, आणि मलाही तिची आठवण येते,’ असे आईने म्हटलेले मुलाला दहा स्पष्टीकरणांपेक्षा अधिक कळते.

त्यानंतर कधीतरी त्याच्याबरोबर तेरावे स्तोत्र वाचा. त्याची सुरुवातच ‘किती वेळ?’ अशा तक्रारीने होते. अठ्ठ्याऐंशीवे तर अंधारातच संपते, त्यात शेवटी दिलासा देणारी ओळही नाही. ही स्तोत्रे देवाच्या लोकांच्या प्रार्थनापुस्तकात जाणीवपूर्वक ठेवलेली आहेत. मनात नाही ते म्हणण्यापेक्षा गप्प बसावे, असे त्याला वाटते. तक्रार हीसुद्धा प्रार्थना असते हे कळले, तर त्याला तिसरी वाट सापडेल.

मुलांचे प्रश्न शास्त्राला नवे नाहीत. निर्गम १२ मध्ये वल्हांडणाविषयी (मिसरातून सुटकेच्या सणाविषयी) आणि यहोशवा ४ मध्ये यार्देन नदीतून काढलेल्या बारा धोंड्यांविषयी मुले विचारतील तेव्हा काय सांगावे, हे आधीच लिहून ठेवले आहे. ती विचारणार, हे तेथे गृहीत धरलेले आहे. आपल्या मुलाहून एकाच वर्षाने मोठा असलेला येशू मंदिरात गुरुजनांमध्ये बसून त्यांचे ऐकत होता आणि त्यांना प्रश्न करीत होता, असे लूक सांगतो; आणि घरी परतल्यावर तो आई-बापांच्या आज्ञेत राहिला, हेही त्याच अध्यायात आहे. प्रश्न विचारणारे मूल म्हणजे आज्ञा मोडणारे मूल, असे समजण्याचे कारण नाही.

उत्तर – नोकरी करणारी आई

‘उरलेल्या दिवसाविषयी’ आपण विचारले होते, त्याकडे वळते. अनुवाद ६:७ मध्ये देवाची वचने मुलांना शिकवण्याच्या वेळा दिल्या आहेत त्या घरी बसलेले असताना, वाटेने चालताना, निजताना आणि उठताना. यांत मंदिराचा उल्लेखच नाही. माझ्या मते घराची खरी परीक्षा तीन ठिकाणी होते: भांडण, गुण आणि आई-बापांचे आपसातील बोलणे.

भांडणात आम्ही मुलांना ताबडतोब ‘सॉरी म्हण’ असे म्हणणे सोडले आहे. दात-ओठ खात म्हटलेली क्षमा ही त्या चार पाठ वाक्यांचीच बहीण आहे. त्याऐवजी काय घडले ते प्रत्येकाने स्वतःच्या वागण्यापुरते सांगायचे. भावाने काय केले ते भाऊ सांगेल. सुरुवातीला कुणालाही स्वतःविषयी एक वाक्यसुद्धा सुचत नाही, पण कुसळ आणि मुसळ यांचा दाखला तेव्हाच मुलांच्या अंगाशी येतो. नुकसान झालेले असेल तर भरपाई ठरते. क्षमा मागायला थोडा उशीर झाला तरी चालतो, दुसऱ्या दिवसावर मात्र जाऊ द्यायची नाही.

गुणांच्या बाबतीत, देवाच्या प्रतिरूपात माणूस निर्माण झाला असे मुलांना शिकवायचे आणि निकालाच्या दिवशी भावंडांची तुलना करायची, हे दोन्ही एकाच घरात चालू शकत नाही. मेहनतीविषयी जरूर बोलावे, कारण आळस हाही शास्त्राच्या नजरेतून सुटलेला नाही; पण मुलाची किंमत आणि मुलाचा निकाल ही दोन वाक्ये जोडू नयेत. दुसऱ्या धर्माच्या किंवा कोणताच धर्म न मानणाऱ्या वर्गमित्रांविषयी घरात कसे बोलले जाते, तेही मुले टिपतात. चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात जखमी वाटसरूला माणुसकी दाखवली ती परक्या मानलेल्या समाजातील माणसाने, हे त्यांना आठवण करून देण्यासारखे आहे.

मोबाइलचा नियम घरातील मोठ्यांनाही लागू नसेल, तर तो नियम करू नये. याहून अधिक लिहिण्यासारखे त्यात मला काही सापडलेले नाही.

उत्तर – आता आजी झालेली एक वाचक

एक सावधगिरी सुचवते. मुलाला योग्य मार्गाचे शिक्षण दिले तर तो म्हातारपणीही त्यापासून ढळणार नाही, हे नीतिसूत्रे २२:६ पालकांना दिलेले हमीपत्र नाही, शहाणपणाचे वचन आहे. संदेष्टा शमुवेल निष्कलंक राहिला, तरी त्याची मुले लाच घेणारी निघाली. पुढे ख्रिस्ती धर्मगुरू झालेल्या ऑगस्टीनची आई मोनिका वर्षानुवर्षे त्याच्यासाठी रडत राहिली. त्याचा बाप्तिस्मा ३८७ साली झाला तेव्हा तो बत्तीस वर्षांचा होता, आणि त्याच वर्षी ती वारली. अकराव्या वर्षी मुलगा प्रार्थनेत गप्प बसला, यावरून त्याच्या पुढील आयुष्याचा निकाल आजच लावू नका, आणि त्याच्यादेखत इतरांना तर मुळीच सांगू नका.

यजमानांशी मतभेद असले तर ते मुले झोपल्यावर मिटवावेत. प्रार्थना दहा मिनिटांवर आणा, गीत निवडण्याचे काम धाकटीकडे द्या आणि उतारा वाचण्याचे थोरल्याकडे. स्वतःची प्रार्थना करायची नसली तरी वाचायला तो बहुधा तयार होईल. तेरावे स्तोत्र सहाच वचनांचे आहे, तेव्हा सुरुवात तेथूनही करता येईल.