चरबी मोजणारे यंत्र बरोबर आहे की नाही, हे तपासायचे कसे?

प्रश्न
आमच्या व्यायामशाळेतील यंत्राच्या दांड्या हातांत धरून त्यावर अनवाणी उभे राहिले की शरीरातील चरबीचा आकडा येतो. परवा सकाळी माझा आकडा २४.१ टक्के होता. त्याच संध्याकाळी, व्यायामानंतर, तो २१.६ झाला. एका दिवसात एवढी चरबी झडत नाही, हे मलाही कळते. वजनकाटा जसा प्रमाणित वजन ठेवून तपासतात, तसे या यंत्राचे काही करता येते का?

उत्तर १
येते, पण अर्धेच. हे यंत्र चरबी मोजतच नाही. ते बहुधा ५० किलोहर्ट्झ वारंवारतेचा, एक मिलिअँपिअरहून कमी प्रवाह शरीरातून सोडून विद्युतरोध मोजते आणि उंची, वजन, वय व लिंग यांची जोड देऊन सूत्राने चरबीचा अंदाज काढते. रोधाचे मापन तपासण्यासाठी आम्ही चार तारांच्या यंत्राला ५०० ओहमचा (ओहम हे रोधाचे एकक) रेझिस्टर, म्हणजे ठरावीक रोधाचा सुटा भाग, जोडतो: हाताकडच्या दोन्ही तारा एका टोकाला, पायाकडच्या दुसऱ्या टोकाला. रेझिस्टर मात्र ०.१ टक्का अचूकतेचा हवा. सोनेरी पट्टीचा साधा रेझिस्टर स्वतःच पाच टक्क्यांपर्यंत चुकू शकतो. पडद्यावर ओहम दाखवतच नसेल, तर ही तपासणी बाहेरून होत नाही. तुमचा संध्याकाळचा आकडा बहुधा व्यायामाने तापलेल्या त्वचेमुळे उतरला असावा, कारण त्वचा तापली की रोध घटतो आणि यंत्राला शरीरात पाणी जास्त, म्हणून चरबी कमी असल्याचे भासते.

उत्तर २
ओहम अचूक आले तरी सूत्राचा प्रश्न उरतोच. चरबीविरहित भागात सुमारे ७३ टक्के पाणी असते, हे त्यात गृहीत असते, आणि ज्या लोकांवरून सूत्र बसवले त्यांच्या शरीराची ठेवण आपल्यासारखी असेलच असे नाही. पुण्याचे डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांनी २००४ मध्ये दाखवलेले उदाहरण प्रसिद्ध आहे: दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) २२.३, पण चरबी याज्ञिकांची २१.२ टक्के, तर युडकिन यांची ९.१. म्हणून डेक्सा (क्ष-किरणांनी चरबी मोजण्याची पद्धत) किंवा ड्यूटेरियमच्या पाण्याच्या पद्धतीशी (जड हायड्रोजनचे पाणी पाजून शरीरातील पाणी मोजणे) तुलना करताना केवळ सरासरी जुळते का, एवढे पाहू नये. एकेका व्यक्तीतला फरक पाहावा, कारण एकाचे तीन टक्के अधिक आणि दुसऱ्याचे तीन टक्के उणे असले तरी सरासरी छान जुळते.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. आज उपाशीपोटी, लघवी करून आल्यावर, लागोपाठ तीनदा मोजले: २४.०, २४.२, २४.१. ओहम मात्र हे यंत्र कोठेच दाखवत नाही.