पॅप स्मिअरमध्ये 'ॲस्कस' आलंय, वर्षभर नुसतं थांबायचं का?

प्रश्न
वय ३६. पॅपच्या (गर्भाशयाच्या तोंडाच्या पेशींची तपासणी) रिपोर्टवर ॲस्कस लिहून आलंय, डॉक्टर म्हणाल्या घाबरू नका, वर्षाने परत करू. पण मला रात्र रात्र झोप नाही, घरात अजून कोणाला सांगितलं नाहीये. कोणी यातून गेलंय का?

प्रतिसाद १
ताई, ॲस्कस म्हणजे कॅन्सर नाही. पेशी जराशा वेगळ्या दिसतायत पण कशामुळे ते नक्की सांगता येत नाही, एवढंच. साध्या इन्फेक्शनने, सूज असली तरी असं येतं. फक्त डॉक्टरांना विचारा, एचपीव्ही (गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर ज्याने होऊ शकतो तो व्हायरस) टेस्ट केली का? कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं, निगेटिव्ह आली तर बरेचदा ३ वर्षांनीच बोलावतात, पॉझिटिव्ह आली तर कोल्पोस्कोपी, म्हणजे गर्भाशयाचं तोंड दुर्बिणीतून बघणं. टेस्टची सोयच नसेल तर वर्षाने पॅप, म्हणजे तुमच्या डॉक्टर चुकीचं नाही सांगत आहेत. मधे संबंधांनंतर किंवा दोन पाळ्यांच्या मधे ब्लीडिंग झालं तर मात्र वर्षाची वाट बघू नका, लगेच जा.

प्रतिसाद २
माझी १६ नंबरच्या एचपीव्हीची पॉझिटिव्ह आली होती, हा आणि १८ नंबर जास्त धोक्याचे म्हणून लगेच कोल्पोस्कोपी. दुर्बीण आत घालतात असं वाटलेलं, ती बाहेरच असते. पॅपसारखंच झोपायचं, मग व्हिनेगरसारखं पातळ ॲसिड लावतात, चुरचुरतं थोडं, बदललेल्या पेशींचा भाग पांढरा पडतो आणि तिथलाच बारीकसा तुकडा बायोप्सीला घेतात, तेव्हा पाळीसारखी कळ येते. सीआयएन १, म्हणजे पेशींमधला सौम्य बदल, निघालं, काहीही ट्रीटमेंट न करता नुसतं लक्ष ठेवलं, पुढच्या वर्षी निगेटिव्ह. आणि पॉझिटिव्ह आली तर नवऱ्यावर संशय घेऊ नका, प्लीज. हा व्हायरस वर्षानुवर्षं गप्प बसून राहतो, कधी आला कोणालाच सांगता येत नाही.

प्रश्नकर्ती
खूप आधार वाटला. आत्ता एचपीव्हीची लस घेतली तर व्हायरस जाईल का?

प्रतिसाद १
असलेलं इन्फेक्शन लसीने जात नाही. बहुतेकींचं शरीर ते स्वतःच दोनेक वर्षांत घालवतं, सिगरेट असेल तर मात्र वेळ लागतो. वर्षाने पॅपला जाताना पाळी नसलेली तारीख घ्या, आधी दोन दिवस संबंध आणि आतली क्रीम बंद.

प्रश्नकर्ती
दवाखान्यात फोन केला. सॅम्पल लिक्विडमध्ये ठेवलेलं आहे, त्यावरच एचपीव्ही करून देतायत, परत जायची गरज नाही. बहिणीला सांगितलं, रिपोर्ट घ्यायला ती येतेय सोबत.