कॉनरेल फोडली तेव्हा कोणता रूळ कुणाला, हे कसं ठरलं?

लालबागकर:
नमस्कार. मी वडोदऱ्यात लालबागला रेल्वे विद्यापीठात शिकते, सेमिनारला अमेरिकेतली कॉनरेल ही मालगाड्यांची कंपनी घेतली आहे. १९९९ मध्ये नॉरफोक सदर्न आणि सीएसएक्स या दोन रेल्वे कंपन्यांनी ती ५८-४२ टक्के अशी वाटून घेतली, एवढं सगळीकडे मिळतं. पण एकमेकींशी स्पर्धा करणाऱ्या दोन कंपन्या एकच जाळं वाटतात तरी कशा?

प्रतापनगरचा जुना कंट्रोलर:
टक्के राहू दे बाजूला. नकाशावर न्यूयॉर्क ते शिकागो बोट फिरव. ही वाट दोघींना अखंड मिळायला हवी, नाहीतर स्पर्धा कसली? कॉनरेलकडे दोन जुन्या कंपन्यांच्या लाइनी होत्या. त्यातली पेनसिल्व्हेनिया रेल्वेची अल्टूनाच्या घाटातून पिट्सबर्गला जाणारी जुनी मेन लाइन नॉरफोकला गेली. न्यूयॉर्क सेंट्रलची आल्बनी-बफेलोकडची सपाट लाइन सीएसएक्सला. क्लीव्हलंडला मात्र अदलाबदल झाली. तिथून शिकागोची न्यूयॉर्क सेंट्रलची लाइन नॉरफोकला दिली, आणि सीएसएक्सला इंडियानापोलिसच्या दिशेची. वाटेत ग्रीनिच नावाचं लहानसं गाव लागतं, तिथे सीएसएक्स स्वतःच्या जुन्या बी अँड ओ (बाल्टिमोर अँड ओहायो) लाइनवर चढते आणि शिकागो गाठते. नकाशावर फुली दिसेल ती हीच.

मेन लाइनचं जमतं गं. गाडी अडते ती यार्डात, म्हणजे डबे जोडतात-तोडतात तिथे. आपल्याकडचंच घे. वडोदऱ्याहून एक लाइन अहमदाबादला, एक रतलामला. दोन कंपन्या झाल्या तर एकेक देऊन मोकळं होता येईल. पण करचिया यार्ड कुणाला द्यायचं? ज्याला मिळालं त्याच्या हातात रिफायनरीच्या सगळ्या मालगाड्या, दुसऱ्याने नुसतं बघत बसायचं.

उत्तर न्यू जर्सी, फिलाडेल्फिया-दक्षिण न्यू जर्सी आणि डेट्रॉइट इथे हाच पेच होता. तिथे वाटणी केलीच नाही. कॉनरेल तेवढ्यापुरती ठेवली, दोघींच्या मालकीची. साइडिंगला, म्हणजे कारखान्याच्या दारातल्या रुळावर, डबे लावायचे-काढायचे तिने, आणि गिऱ्हाइकाने माल दोघींपैकी हवी तिला द्यावा. माझ्या मते सगळ्या सौद्यातलं सर्वांत शहाणपणाचं कलम हेच. सेमिनारचा अर्धा वेळ यालाच दे.

दांडिया बाजार:
जपानचंही घे की. १९८७ मध्ये प्रवासी वाहतुकीच्या सहा कंपन्या केल्या आणि मालगाड्यांची एक वेगळी. ती बहुतेक ठिकाणी इतरांच्या रुळांवर पैसे भरून गाड्या चालवते.

प्रतापनगरचा जुना कंट्रोलर:
बरोबर, पण त्यांनी मुलूख वाटले. एकाच कारखान्याच्या दारात मालासाठी दोन जेआर (त्या जपानी रेल्वे कंपन्या) उभ्या राहाव्यात, हा हेतूच नव्हता. हिचा प्रश्न तो आहे.

लालबागकर:
काका, मग १ जूनला सगळं सुरळीत सुरू झालं?

प्रतापनगरचा जुना कंट्रोलर:
कुठलं! कित्येक महिने यार्डं तुंबली, डबे कुठे आहेत ते कळेना. इंजिनंसुद्धा वाटली होती. नॉरफोकच्या वाट्याच्या इंजिनांना पीआरआर (पेनसिल्व्हेनिया) आणि सीएसएक्सच्या वाट्याच्या इंजिनांना एनवायसी (न्यूयॉर्क सेंट्रल) ही ओळखीची अक्षरं दिली. या वाटणीला मंजुरी देणाऱ्या सरफेस ट्रान्सपोर्टेशन बोर्डाचा, म्हणजे तिथल्या रेल्वे नियामकाचा, १९९८ चा निकाल आधी वाच. मसुदा झाला की इथे टाक, यार्डांचा भाग मी नीट बघून देतो.