(अ) ते (ड) मध्ये काय बुडतं

संसदेतल्या प्रश्नोत्तराच्या तासाबद्दल 'मंत्री कागद वाचून दाखवतात, बाकी सगळा गोंधळ' असं कुणीतरी लिहिलंय. गोंधळाबद्दल दुमत नाही, पण टीव्हीवर दिसतो तेवढाच हा तास नसतो. लोकसभेत दिवसाला २० तारांकित प्रश्न असतात, त्यांना तोंडी उत्तर मिळतं आणि उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित मात्र २३० पर्यंत असतात आणि त्यांची उत्तरं लेखी येतात. खरा ऐवज तिथे आहे.

मी ही उत्तरं वाचायला लागले ती कांद्यापायी. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी आली. मे २०२४ मध्ये उठली, तीसुद्धा ४० टक्के शुल्क आणि टनाला किमान ५५० डॉलर भावाची अट घालून. शुल्क पूर्ण जायला १ एप्रिल २०२५ उजाडला. एवढ्या काळात साठवणीच्या चाळीतल्या कांद्याचं काय होतं, हे शेतकऱ्याला विचारा.

उत्तर वाचताना एक बघा. खासदार (अ), (ब), (क), (ड) असे सुटे प्रश्न विचारतो आणि उत्तर '(अ) ते (ड)' असं एकगठ्ठा येतं. नेमका अडचणीचा (क) त्यात बुडतो. व्यापार असो, ऊर्जा असो, हाच प्रकार. संरक्षणाच्या बाबतीत काही माहिती उघड करू नये हे मला पटतं, पण कांद्यात कसली आलीय गुप्तता?

'माहिती गोळा करून सभागृहाच्या पटलावर ठेवू' असं उत्तर आलं, तर ते आश्वासन धरलं जातं. मुदत ३ महिने, आणि पाठपुराव्याला आश्वासन समिती असते. तेव्हा आपल्या खासदाराला प्रश्नाचा क्रमांक आणि तारीख घालून पत्र लिहा, (क) चं काय झालं ते विचारा.