मदत हवी आहे: जूनच्या सुरुवातीला रिफेलसे तळ्यापर्यंत पायवाट मोकळी असते का?

स्वित्झर्लंडमधल्या झेरमॅटला जूनच्या पहिल्या आठवड्यात दोन रात्री आहोत. गाडी टॅशला ठेवून शटल ट्रेनने वर जाणार (झेरमॅटमध्ये खाजगी गाड्या नेता येत नाहीत, ते माहीत आहे). सोबत सत्तरीची आई, गुडघे दुखतात. त्यामुळे ३,८८३ मीटरवरचं ग्लेशियर पॅराडाइज आधीच वगळलंय, विरळ हवेची जोखीम नको. डोंगररेल्वेने गॉर्नरग्राटला (३,०८९ मी.) जाणं नक्की. स्विस ट्रॅव्हल पासवर तिकीट अर्ध्यात मिळतं, तेव्हा खर्चाचा प्रश्न नाही.

अडलंय ते त्याच रेल्वेच्या वाटेवरच्या रोटेनबोडेन स्टेशनवर. मॅटरहॉर्न शिखराचं प्रतिबिंब दिसतं ते रिफेलसे तळं तिथून थोडंसंच खाली आहे, पण जूनमध्येही वाटेवर बर्फ राहतो म्हणतात. वेबकॅम रोज बघतोय. शिखर दिसतं, वाट काही कळत नाही. दुपारी ढग चढतात आणि वाऱ्याने पाणी हलतं, म्हणून सकाळची पहिली-दुसरी ट्रेनच धरणार. पुढे खालच्या रिफेलबर्ग स्टेशनपर्यंत चालायचं नाही, रोटेनबोडेनलाच परत चढायचं.

या दिवसांत कोणी गेलं असेल तर सांगा: तळं वितळलेलं होतं का, आणि परतीचा चढ काठी व साध्या ट्रेकिंग बुटांवर आईला झेपेल का?