शनिवारचा सिनेमा: 'शॅलो ग्रेव्ह' (विनोदी, लो बजेट), गच्चीवर, रात्री 9

जोशी काका (बी-402): कमिटीला नम्र विनंती. शनिवारच्या सिनेमात फ्लॅटमधला चौथा, नवा भाडेकरू मरतो आणि बाकीचे तिघं त्याचे तुकडे करून रानात पुरतात म्हणे. ह्याला विनोदी म्हणायचं? वर "लो बजेट". मागच्या वेळी झालं तेवढं पुरे नाही का?

देशपांडे काकू: ब्रिटनमध्ये ह्याला 18 चं सर्टिफिकेट आहे. मुलांना आणू नये 🙏

निखिल (ए-103): काका, 'शॅलो ग्रेव्ह', 1994. दिग्दर्शक डॅनी बॉईल, लेखक जॉन हॉज, निर्माता अँड्र्यू मॅकडोनाल्ड. तिघांचाही पहिलाच सिनेमा. हॉज तर डॉक्टर. खर्च साधारण 10 लाख पौंड.

जोशी काका: इथे लिफ्टला पैसे नाहीत.

सेक्रेटरी: लिफ्टचा विषय मीटिंगमध्ये घेऊ. _/\_

सावंत: चौथ्याचं पोलीस व्हेरिफिकेशन केलं असतं तर सिनेमा दहा मिनिटांत संपला असता 😂

मीरा (सी-204): पैसे चॅनेल फोर ह्या ब्रिटिश टीव्ही वाहिनीचे, थोडे ग्लासगो फिल्म फंडाचे. म्हणून गोष्ट एडिनबराची, शूटिंग बहुतेक ग्लासगोत. 30 दिवस. फ्लॅट म्हणजे गोदामात उभारलेला सेट.

कुलकर्णी: सेट कशाला? 'डाउन टेरेस' ब्रायटनला खऱ्या घरात 8 दिवसांत झाला. बेन व्हीटलीचाही पहिलाच.

मीरा: त्यात घरातली माणसं एकमेकांच्या अंगावर येतात, कोंदटपणाच हवा होता. कॅमेरा हातात. इथे लांबून खोली दिसायला हवी. खऱ्या घरात पाठ भिंतीला टेकली की पुढे काय? सेटची भिंत काढून मागे सरकता येतं. शिवाय तिघांतला डेव्हिड माळ्यावर राहायला जातो आणि खालच्यांवर नजर ठेवायला भोकं पाडतो. त्यातून उजेडाचे झोत येतात. असे झोत दिसायला हवेत धूर नाहीतर धूळ लागते, स्वच्छ हवेत नुसता ठिपका पडतो. कुठला घरमालक हे करू देईल?

सावंत: आपल्याकडे ड्रिल दुपारी 2 ते 4 बंद. काहींना सांगूनही कळत नाही.

ए-301: नाव घेऊन बोला. प्लंबरचं अर्जंट काम होतं.

कुलकर्णी: 8 दिवस. खरं घर.

निखिल: ते व्हिडिओवर होतं हो. इथे फिल्म. 35 एमएमचा हजार फुटांचा रोल 11 मिनिटांत संपतो, रिटेक झाला की तेवढी फिल्म गेलीच. शेवटी कमी पडली, तेव्हा फ्लॅटमधलं बरंचसं सामान लिलावात विकून फिल्म आणली. सोफा गेला की त्या खोलीचा राहिलेला शॉटही गेला. कुठलं आधी विकायचं, हा हिशेब फार नाजूक.

सेक्रेटरी: क्लब हाऊसच्या जुन्या खुर्च्यांना गिऱ्हाईक मिळेल का?

जोशी काका: त्या खुर्च्या माझ्या देणगीतल्या आहेत.

देशपांडे काकू: पुन्हा सांगते, 18 चं सर्टिफिकेट.

जोशी काका: बरं, चालला का तरी?

निखिल: बाफ्टाचं सर्वोत्कृष्ट ब्रिटिश चित्रपटाचं पारितोषिक मिळालं. तिघांतला एक नट, इवन मॅकग्रेगर, ह्यातूनच पुढे आला.

कुलकर्णी: 8 दिवस.

जोशी काका: सबटायटल लावा. मागच्या वेळी शेवटच्या रांगेत एक शब्द कळला नव्हता.