वाड्याचा जिना: काय ठरवायचं?

दादा: सुतारमामा जिना बघून गेले. खालच्या दोन पायऱ्या आणि बाजूच्या फळ्यांची टोकं कुजलीत, टोच्या लावला की भुसा पडतो. वरचा साग मात्र ठणठणीत.

आत्या (इंदिरानगर): मग तेवढंच बदला की. आजोबांच्या वेळचा जिना आहे तो.

काका: तुला काय, खाली बसून चहा पितेस. रात्री दोर धरून उतरून दाखव. जिना कसला, शिडी आहे.

दादा: मोजलंय मी. फरशीपासून माडीपर्यंत १० फूट, त्यात १२ चढ (पायरीची उभी उंची). म्हणजे एकेक १० इंचांचा, आणि पाऊल टेकायला जेमतेम ७ इंच! नॅशनल बिल्डिंग कोड म्हणजे देशाच्या बांधकाम नियमावलीप्रमाणे घरातल्या जिन्याचा चढ जास्तीत जास्त १९० मिमी, म्हणजे साधारण साडेसात इंच, आणि पायरी किमान २५० मिमी, म्हणजे साधारण १० इंच रुंद हवी.

वहिनी: मग तसाच करून घेऊ ना.

दादा: तिथंच अडतंय. साडेसातचे १६ चढ, १० इंची १५ पायऱ्या (शेवटचा चढ थेट माडीवर). सरळ नेला तर साडेबारा फूट. आत्ताचा साडेसहा फुटांत बसलाय. थेट देवघरात उतरेल 😄

आत्या (इंदिरानगर): देवघराला हात लावायचा नाही. आधीच सांगते.

काका: मध्ये लँडिंग देऊन वळव.

दादा: वळवायचाच आहे काका. पण मग वरची मोकळी जागा वाढवावी लागते, नाहीतर चढताना डोकं आपटणार. त्यासाठी माडीखालच्या दोन कड्या (आडवी लाकडं) कापायच्या. मामा म्हणाले, "कापतो, त्यात काय!" त्यांचा हात सुबक आहे, वाद नाही, पण माडीचं वजन त्याच कड्यांवर आहे. आधी स्ट्रक्चरल इंजिनियरला दाखवू.

सोनू (पुणे): स्टीलचा रेडिमेड मिळतो. लिंक टाकू?

काका: नको.

आत्या (इंदिरानगर): नको 🙏

दादा: अजून एक. २०१९ च्या पुरात पाणी आत आलं होतं, तेव्हापासून लाकडाचा पाय ओल धरतोय. यावेळी पहिली पायरी काळ्या दगडाची, लाकूड तिच्यावर. जुन्या पायऱ्या रुंदीला कमी पडतात, पण त्यांचा कठडा होईल. आणि काम दिवाळीनंतरच. पावसाळी हवेत लाकूड फुगतं, उन्हाळ्यात सांधे उघडतात.

काका: खर्च?

दादा: साग घनफुटावर मिळतो. मापं पक्की झाली की आकडा टाकतो. इंजिनियर रविवारी येतोय.

वहिनी: तोवर आईंची गादी खालीच घाला. आजपासून.